मनाच्या दुखण्याची विचारपूस

ताप आला तर थर्मामीटर आहे. हिवतापाची शंका असेल तर रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. हाड मोडले तर एक्स-रे आहे. मनाचे दुखणे मात्र असे कोणत्याही काचेवर उमटत नाही. माणूस आतून खचला आहे, त्याची झोप उडाली आहे, त्याला नसलेले आवाज ऐकू येतात, हे कळायला आजही मुख्य साधन एकच आहे, ते म्हणजे विचारणे आणि ऐकणे. मनाच्या तक्रारीसाठी गेल्यावरही डॉक्टर रक्त तपासतात, नाही असे नाही. पण ते थायरॉईड ग्रंथीचा दोष किंवा रक्तक्षय अशी शरीराची कारणे आहेत की काय, हे पाहण्यासाठी. उदासीनतेचा आजार आहे की नाही, हे रक्त सांगत नाही.

आता विचारण्यात एवढे काय शास्त्र आहे, असे कोणी म्हणेल. दोन डॉक्टरांनी एकाच रोग्याला विचारले, तर दोघांना एकच रोग दिसायला हवा. शिक्षकमंडळींना यातली मेख लगेच कळेल. गणिताचा पेपर दोन परीक्षकांनी तपासला तर गुण सहसा जुळतात. निबंधाचा पेपर दोघांकडे दिला, तर एक जण वाहवा करतो आणि दुसरा काठावर पास करतो. मुलगा तोच, निबंध तोच, फरक परीक्षकांत. मनाच्या रोगांची तपासणी कितीतरी वर्षे या निबंधाच्या पेपरासारखी चालली होती.

याचा मोठा पुरावा जगापुढे आला तो न्यूयॉर्क आणि लंडन या दोन शहरांतून. इस्पितळांचे आकडे पाहता अमेरिकेत स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे छिन्नमनस्कतेचे, रोगी इंग्लंडपेक्षा फार जास्त दिसत. उलट उन्माद आणि उदासी आलटून पालटून येण्याच्या रोगाचे रोगी इंग्लंडात फार जास्त. पहिल्या रोगात विचार तुटक होतात, नसलेले आवाज ऐकू येतात, भलते संशय मनात घट्ट बसतात. दुसऱ्यात माणूस काही काळ अतोनात उत्साहाने फुगतो आणि काही काळ खोल उदासीत बुडतो. आता दोन देशांची माणसेच मुळात निराळी, की त्यांना तपासणारे डॉक्टर निराळे?

१९६५ साली दोन्ही देशांतल्या डॉक्टरांनी मिळून हा तपास हाती घेतला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातले एक सरकारी इस्पितळ आणि लंडनजवळचे नेदर्न इस्पितळ अशी दोन ठिकाणे निवडली. प्रत्येक ठिकाणी नव्याने दाखल झालेले २५० रोगी घेतले. इस्पितळाच्या डॉक्टरांनी आपल्या नेहमीच्या रीतीने निदान केले ते केलेच. पण त्याशिवाय या तपासातल्या डॉक्टरांनी प्रत्येक रोग्याची मुलाखत आधी ठरवून छापलेल्या प्रश्नांप्रमाणे घेतली. दोन्ही शहरांत तेच प्रश्न. हे सारे १९७२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. सारख्या प्रश्नांनी तपासल्यावर दोन शहरांतला तो मोठा फरक बव्हंशी नाहीसा झाला होता. रोगी सारखेच होते. फरक होता डॉक्टरांच्या सवयीत.

याच मंडळींनी काही रोग्यांच्या मुलाखतींच्या चित्रफिती दोन्ही देशांतल्या डॉक्टरांना दाखवल्या. त्यांतल्या एका रोग्याला अमेरिकेतल्या दोन-तृतीयांश डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया आहे असे म्हटले. ब्रिटिश डॉक्टरांत असे म्हणणारे जवळजवळ कोणीच निघाले नाही. एकच माणूस, एकच चित्रफीत!

आणि हा नुसता नावाचा वाद नव्हता, बरं का. उन्मादावर लिथियम चालते, हे ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ साली दाखवून दिले होते. अमेरिकेत त्या औषधाला सरकारी मान्यता १९७० साली मिळाली. ज्याला लिथियम हवे त्याच्या कागदावर स्किझोफ्रेनिया लिहिले गेले, तर त्याला ते औषध कोण देणार? चुकीच्या नावाखाली माणसाची वर्षेच्या वर्षे इस्पितळात जाऊ शकतात.

ठरवून दिलेल्या प्रश्नांच्या या रीतीला शास्त्रीय पुस्तकांत 'संरचित मुलाखत' म्हणतात. आपण तिला आखीव मुलाखत म्हणू, आखीव वहीसारखी. वहीत ओळी छापलेल्या असतात, लिहायचे त्या ओळींवर. इथे प्रश्न छापलेले असतात, त्यांचा क्रम ठरलेला असतो, आणि कोणत्या उत्तराला 'आहे' म्हणायचे व कोणत्याला 'नाही', हेही आधी लिहून ठेवलेले असते. 'झोप लागत नाही' म्हणजे किती दिवस, रात्रीचे किती तास, याची व्याख्या पुस्तिकेत असते. मुलाखत घेणाऱ्याला वाटले म्हणून होत नाही.

यातही दोन प्रकार आहेत. एका प्रकारात छापलेला शब्द न शब्द वाचायचा, पदरचे काही घालायचे नाही. असा नमुना डॉक्टर नसलेली, पण नीट शिकवलेली माणसेही वापरू शकतात. दुसऱ्या प्रकारात प्रश्न छापलेले असले तरी उत्तर ऐकून उलट विचारण्याची मोकळीक असते. त्यासाठी मात्र मानसोपचाराचा अनुभव लागतो. लंडनमध्ये जॉन विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला नमुना या दुसऱ्या जातीचा. मुलाखतीच्या आधीच्या एका महिन्यात रोग्याला काय काय जाणवले, हे त्यात बारकाईने विचारलेले असते. शिकवताना एक जण प्रश्न विचारतो आणि शेजारी बसलेला दुसरा काही न बोलता आपले टिपण करतो. शेवटी दोघांचे कागद शेजारी ठेवून पाहतात. जुळले नाहीत, तर पुन्हा शिकायचे.

हाच नमुना घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांतल्या नऊ केंद्रांत १,२०२ रोगी तपासले. त्या नऊ गावांत लंडन, मॉस्को, वॉशिंग्टन यांच्या जोडीला आपले आग्राही होते. तेथे प्रश्न हिंदीतून विचारले गेले; नायजेरियातल्या इबादानला योरुबा भाषेतून. या कामाचा अहवाल १९७३ साली निघाला. एक कागद इतक्या भाषांत नेता येतो हे त्यातून दिसले. पण भाषा बदलली की शब्द बदलतो, आणि शब्द बदलला की प्रश्नही बदलू शकतो. या गोष्टीकडे मी वाचकांचे लक्ष जरा जास्त वेधणार आहे, कारण आपल्या गावांच्या दृष्टीने खरी गोम तिथेच आहे.

कर्नाटकच्या किनाऱ्याजवळ कोटा नावाचे गाव आहे (राजस्थानातले कोटा नव्हे). तेव्हा ते दक्षिण कानडा जिल्ह्यात होते, आज उडुपी जिल्ह्यात आहे. १९७० च्या सुमारास आर. एल. कपूर, मालविका कपूर आणि जी. एम. कार्स्टेअर्स या अभ्यासकांनी त्या गावातल्या माणसांच्या मनाच्या तक्रारींची पाहणी केली. गावात ब्राह्मण, बंट आणि मच्छीमार मोगेर असे तीन समाज होते. माणसे दुखण्याखुपण्याला वैद्याकडे जात, मंत्रवाद्याकडे जात, आणि पात्रीकडेही जात. पात्री म्हणजे ज्याच्या अंगात देवता येते तो. आपल्याकडच्या भगताची किंवा देवऋषीची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

विलायती प्रश्नावली उचलून येथे वापरणे त्यांना पटले नाही. त्यांनी भारतीय माणसासाठी नवे नमुने बांधले, ते १९७४ साली प्रसिद्ध झाले. एक नमुना मानसोपचारतज्ज्ञांनी वापरायचा. दुसरा गावभर पाहणीसाठी, ज्याच्या पहिल्या पायऱ्या डॉक्टर नसलेल्या माणसांनी पार पाडायच्या. त्यांत अंगदुखी, जळजळ, अशक्तपणा या शरीराच्या तक्रारींना भरपूर जागा होती, कारण आपल्याकडे मनाचे दुखणे बहुधा अंगाच्या तोंडून बोलते. अंगात येण्याबद्दलही विचारले जाई. या कामावरचे पुस्तक १९७६ साली निघाले. मला स्वतःला या विषयात न्यूयॉर्क-लंडनच्या तपासाइतकेच महत्त्व कोट्याच्या कामाचे वाटते. प्रश्न सर्वांना सारखा हवा, हे पहिल्याने शिकवले. तो सर्वांना सारखा कळायलाही हवा, हे दुसऱ्याने शिकवले.

आता आपल्या मराठीकडे येऊ. 'आपणांस औदासीन्य जाणवते काय?' असे एखाद्या शेतकरी बाईला विचारले, तर ती पदर सावरून म्हणेल, 'नाही बाई, तसलं काही नाही.' तेच वेगळ्या शब्दांत विचारले तर काय होते ते पाहा. हा संवाद कल्पनेतला आहे. आरोग्य केंद्रातली एक मुलगी गावातल्या एका वयस्क बाईशी बोलते आहे.

'काय होतंय, मावशी?'

'काही नाही गं बाई. अंग ठणकतं, डोकं जड होतं. शक्तीच राहिली नाही बघ.'

'मन कशात रमतं का? पूर्वी जे आवडीनं करायचात, ते आता करावंसं वाटतं का?'

'कशाचं काय! काही गोडच लागत नाही.'

'हे कधीपासून?'

'झाले की दिवस.'

'मागच्या दोन बाजारांच्या आधीपासून, की नंतर?'

'आधीपासनं. पोळ्यापासनं धर.'

'रोज असं वाटतं, की एखाद्या दिवशी?'

'रोजच. सकाळी तर उठावंसंच वाटत नाही.'

या चार ओळींत बरेच काम झाले. उदासीनतेच्या आजारासाठी अमेरिकन वर्गीकरणात नऊ लक्षणे सांगितली आहेत. मन उदास असणे किंवा कशातच रस न वाटणे, यांपैकी एक तरी हवेच. ते धरून एकूण पाच हवीत. आणि ती कमीत कमी दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ हवीत. म्हणून पहिले दोन प्रश्न दरवाजासारखे असतात. दोन्हींची उत्तरे 'नाही' आली, तर त्या खोलीत शिरायचे नाही, पुढच्या विषयाकडे जायचे. 'हो' आले, तर झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणे, आपण निकामी आहोत असे वाटणे, असे एकेक प्रश्न क्रमाने घ्यायचे. दोन आठवडे मोजायला दिनदर्शिका लागत नाही. दर आठवड्याचा बाजार आहे, सण आहेत. शब्द घरचे, पण मापाचे प्रमाण तेच.

काही प्रश्न आपल्याकडे हटकून फसतात. 'झोप लागते का?' असे सुगीच्या दिवसांत विचारले आणि तो गडी रात्री शेतावर राखणीला जात असेल, तर 'नाही' या उत्तराचा रोगाशी काही संबंध नाही. विचारायला हवे ते असे: 'निजायला वेळ मिळाला, तरी डोळा लागत नाही, असं होतं का?' 'अपराधीपणा' हा शब्द तर पुस्तकात शोभतो. गावात विचारायचे, 'आपल्यापायी घरच्यांना त्रास होतोय, असं सारखं मनात येतं का?'

आणि आपल्या भाषेत एक लहानसा 'ना' आहे, त्याने फार घोटाळे होतात. 'तुम्हाला काही त्रास नाही ना?' असे आपण प्रेमाने विचारतो. या प्रश्नाला समोरचा भला माणूस 'नाही' म्हणणारच. आपणच ते उत्तर त्याच्या हातात दिलेले असते. आखीव मुलाखतीत हा 'ना' चालत नाही. 'हो' म्हणणे आणि 'नाही' म्हणणे दोन्ही सारखेच सोपे वाटेल, असा प्रश्न हवा.

एकांताचे काय, हाही आहेच प्रश्न. सासू शेजारी बसलेली असताना सून काय सांगणार? नवरा दारात उभा असेल, तर त्याच्या दारूविषयी ती कसे बोलेल? विलायती पुस्तिकेत 'शांत खोलीत मुलाखत घ्यावी' असे एक वाक्य लिहिले की काम भागते. आपल्याकडे ओसरीवर चार बायका, दोन पोरे आणि एक म्हातारे आजोबा असतातच. अनुभवी कार्यकर्त्या मग 'चला, जरा मळा दाखवा' म्हणून बाईला बाहेर काढतात. छापील कागदात हे बसत नाही, पण त्यावाचून छापील कागदाला खरे उत्तर मिळत नाही.

आता दुसरी बाजू. आखीव मुलाखतीने दोघांचे मत जुळते. पण जुळलेले मत खरेच असते, असे नाही. गावातल्या सगळ्या दुकानदारांनी एकाच खोट्या मापाने धान्य मोजले, तर सगळ्यांची मापे जुळतील, गिऱ्हाईक मात्र बुडेल. १९८० नंतर अमेरिकेत डॉक्टर नसलेल्या माणसांकरवी हजारो लोकांच्या अशा मुलाखती घेतल्या गेल्या. बाल्टिमोर शहरात त्यांतल्या काही लोकांना मग मानसोपचारतज्ज्ञांनी पुन्हा तपासले, तेव्हा दोन्हींचा मेळ फारसा चांगला बसला नाही. नुकतेच घरातले माणूस गेले आहे आणि बाई रडते आहे, हे दुःख आहे; त्याची बेरीज करून त्याला लगेच आजार म्हणणे बरे नव्हे. कागदाला हा फरक नेहमी कळत नाही. म्हणून मोठ्या पाहणीला एक साधन, एका माणसाच्या उपचाराला दुसरे, असा विवेक ठेवावा लागतो.

आपल्या देशात २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली, तिच्यात एक छोटी आखीव मुलाखत वापरली. १२ राज्ये घेतली होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. शंभर प्रौढांमागे साधारण १० ते ११ जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार आढळला, आणि आजाराच्या प्रकाराप्रमाणे त्यांतल्या ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. नेमके विचारायला कोणी गेले नसते, तर हे आकडे कळले नसते.

शाळेत किंवा आरोग्य केंद्रात जी नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली पुष्कळांनी पाहिली असेल, ती मुलाखतीची धाकटी बहीण. २००१ साली ती प्रसिद्ध झाली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा अधिक गुण आले, तर पुढची तपासणी करावी असा सर्वसाधारण संकेत आहे. ती चाळणी आहे, तराजू नव्हे. चाळणीत राहिले ते सगळे खडेच असतात असे नाही. तेव्हा गुणांची बेरीज करून शिक्षकांनी कोणाच्या कपाळावर रोगाचे नाव लिहू नये; त्या माणसाला तज्ज्ञाकडे पोचवावे, एवढेच त्या बेरजेचे सांगणे असते.

त्या नऊ प्रश्नांतला शेवटचा प्रश्न विचारताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. जगण्यापेक्षा मेलेले बरे, असे मनात येते का, किंवा स्वतःला इजा करावीशी वाटते का, हा तो प्रश्न. 'नको बाबा, आपण विचारले आणि त्याच्या डोक्यात नसलेले आले तर?' ही भीती आपल्या गावांत आहे तशी शहरांतही आहे. तिची परीक्षा घेतली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा माध्यमिक शाळांतल्या २,३४२ मुलामुलींवर केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना पहिल्याच दिवशी आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारले, निम्म्यांना विचारले नाही. दोन दिवसांनी सर्वांना विचारले. ज्यांना आधी विचारले होते, त्यांच्या मनात असे विचार वाढलेले दिसले नाहीत, त्यांचा त्रासही वाढलेला नव्हता. जी मुले आधीच खचलेली होती, त्यांच्यावरही वाईट परिणाम झाला नाही. पुढे इतर अभ्यासांतूनही हेच दिसत आले आहे.

आखीव मुलाखतीचा एक मोठा उपकार मी इथे मानतो. प्रश्न छापलेला असल्यामुळे तो सर्वांनाच विचारावा लागतो. विचारणाऱ्याला चाचरायला नको. 'हे मी सगळ्यांनाच विचारते, दादा' असे सांगून सरळ विचारता येते. आणि ऐकणाऱ्यालाही आपल्यालाच वेगळे काढले असे वाटत नाही. प्रश्न आपल्या मर्जीवर सोडला असता, तर हसतमुख दिसणाऱ्या माणसाला तो आपण कधीच विचारला नसता.

विदर्भात याचा उपयोग कसा होतो, तेही पाहण्यासारखे आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचे काम चालले. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी उदासीनतेविषयी लोकांशी बोलावे, नऊ प्रश्नांनी चाळणी लावावी, धीर द्यावा आणि गरज असेल त्याला डॉक्टरांकडे न्यावे, अशी त्याची आखणी होती. त्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. कामाआधी उदासीनता असलेल्यांपैकी शंभरात चार-साडेचार जणच उपचारापर्यंत पोचत होते. नंतरच्या पाहणीत सत्तावीस जण पोचलेले आढळले. उरलेले त्र्याहत्तर पोचले नाहीत, हेही तितकेच खरे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' आले, तर मुलाखत तिथेच आखीव राहत नाही. कागद बाजूला ठेवावा. 'असं मनात कधी येतं? काही ठरवलं आहे का?' एवढे शांतपणे विचारावे, उपदेश करू नये, शपथ घालू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये. घरातल्या ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे त्याला सांगावे, आणि फवारणीची औषधे घराबाहेर, कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवायला लावावीत. त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात, तेथून जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न्यावे. गाडी मिळेपर्यंत किंवा रात्रीच्या वेळी टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फोनला पैसे पडत नाहीत, आणि पलीकडच्या माणसाशी मराठीतून बोलता येते.